काटा फिरवताना : सांगली-साताऱ्याच्या रेडिओविषयी वाचकांचे प्रश्न

(उत्तरे देणारे काका सांगलीच्या गावभागात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत असत.)

आमच्या घरी लहानपणापासून सांगली आकाशवाणी लागते. हल्ली नुसती खरखर. स्टेशनच अशक्त झालंय का? — एक गृहिणी, मिरज

ताई, स्टेशनला बोल लावण्याआधी घराचा मेन स्विच पाडा आणि सेट सेलवर लावून बघा. खरखर गेली, तर चोर घरातच आहे. सांगली केंद्र १९६३ सालचं. १२५१ किलोहर्ट्झला आपण ऐकत आलो ती मिडियम वेव्ह, आणि तिचे वैरी म्हणजे स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर. माझ्याकडे शेवटी शेवटी येणारे कितीतरी सेट बिघडलेलेच नसायचे. काउंटरवर छान वाजायचे, घरी नेले की परत रडगाणं.

दुसरं असं, की बाहेर ओढायची दांडी मिडियम वेव्हला उपयोगाची नाही, ती एफएमसाठी. मिडियम वेव्हची एरियल सेटच्या पोटात असते, तार गुंडाळलेली काळी फेराइटची कांडी. म्हणून सेटच हळूहळू फिरवायचा. एका बाजूला आवाज भरेल, तिथंच ठेवा. बल्ब शेजाऱ्यांचा निघाला तर मात्र गोडीगुलाबीनं घ्या.

पावसाळ्यात एफएमवर गाणी आणि थट्टामस्करी चालू असते, कृष्णेला पाणी किती ते कुणी सांगत नाही. एका मित्राचं म्हणणं, त्यांना बातम्यांना बंदी आहे. खरं का? — महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगली

मित्राचं अर्धंच खरं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणानं आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा दिली, त्यात काना-मात्रा बदलायचा नाही. पण त्याच धोरणात काही गोष्टी बातम्यांत धरलेल्याच नाहीत : हवामान, वाहतूक, परीक्षा-प्रवेश, वीज आणि पाणीपुरवठ्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती. स्थानिक प्रशासनानं दिलेली माहिती खुशाल सांगा, असं नियमच म्हणतो. म्हणजे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट, कोयना धरणातून विसर्ग किती, कुठला रस्ता पाण्याखाली, हे तासातासाला सांगायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी खर्चाची असते, सवयीची असते. इथली माहिती सांगायला इथलाच माणूस बसवावा लागतो. गाणी कुठूनही लावता येतात.

आणि हे आकडे म्हणजे आपल्याकडे गप्पांचा विषय नव्हे. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या भागात लाइट गेली, फोन एकेक करून मान टाकू लागले. वरच्या मजल्यावर अडकलेल्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या : पाणी चढतंय का उतरतंय, आणि बोट कुठं येणार. तेव्हा सेलवरचा ट्रान्झिस्टर असलेला माणूस गल्लीत एकदम मोठा झाला होता. तो गच्चीवरून ओरडून सगळ्यांना सांगायचा!

तुम्ही तरुण मंडळी आहात. जूनमध्येच दहा-वीस जण मिळून स्टेशनला लेखी पत्र द्या : पूर आला तर पातळी दर तासाला हवी. पत्रात २०११ च्या धोरणातल्या या सवलतीचा उल्लेख करा. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्या, कारण माहिती तिकडूनच यायची आहे. ऑगस्टमध्ये, पाणी पायरीला लागल्यावर, कुणाला वेळ नसतो.

म्हसवडचं माणदेशी तरंग माझ्या माहेरी स्वच्छ लागतं, दहिवडीला सासरी लागत नाही. रेडिओ बदलू का? — एक वाचक, दहिवडी

नका बदलू. ९०.४ एफएमवरचं ते सामुदायिक केंद्र, म्हणजे आसपासच्या गावांसाठी चालवलेलं छोटं स्टेशन. अशा केंद्राची ताकद साधारण १०० वॉटवर बांधलेली असते, आवाका दहा-पंधरा किलोमीटरचा. मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही. जत तालुक्यातल्या जालिहाळच्या येरळावाणीचंही तसंच, पण ते मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतं, आणि सीमेवरच्या गावाला याहून जवळचं स्टेशन कुठलं? माझ्या मते दुष्काळी पट्ट्यातल्या या केंद्रांत जेवढं गाव ऐकू येतं, तेवढं मोठ्या शहरांच्या एफएमवर येत नाही.

बागेत फवारणी करताना फोनवर एफएम लावतो, "हेडफोन जोडा" म्हणतो. ब्लूटूथचा जोडला तरी तेच. — द्राक्ष बागायतदार, तासगाव

त्याला ऐकायला हेडफोन नको, एरियल म्हणून तार हवी. ब्लूटूथला तार कुठून आणणार? साधा वायरचा हेडफोन लावा. फोनला त्याचं भोकच नसेल तर आकाशवाणीचं ‘न्यूज ऑन एअर’ ॲप आहे, त्यात सांगली केंद्र मिळतं. पण ते इंटरनेटवर चालतं, रेंज गेली की बंद. छाटणीनंतरच्या दिवसांत हवामान आणि डाऊनीचा (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचा) सल्ला ऐकायचा असेल, तर पंपाच्या खोलीत एक छोटा सेलवरचा सेट टांगून ठेवा. काम संपलं की सेल काढून ठेवत चला. पाझरले तर पट्ट्या गंजतात, आणि त्या घासून देणारा दुकानदार आता शोधावा लागतो.