स्थान आणि संवेग बीजगणिताबाहेर का?

प्रश्न : क्वांटम सिद्धांताच्या बैजिक मांडणीत निरीक्ष्य राशी म्हणजे सी-स्टार बीजगणितातला (बेरीज, गुणाकार, संलग्न आणि नॉर्म असलेल्या गणिती रचनेतला) स्वसंलग्न, म्हणजे स्वतःच्या संलग्नाइतकाच, घटक. मग स्थान आणि संवेग त्यात का सापडत नाहीत?

उत्तर : तिथे प्रत्येक घटकाचा नॉर्म, म्हणजे त्याचे ‘आकारमान’, सान्त लागतो. दोन्ही राशी तशा धरा आणि स्थानाच्या न-व्या घाताचा संवेगाशी कम्युटेटर (क्रम उलटून केलेल्या दोन गुणाकारांतला फरक) काढा. दोन्ही नॉर्मच्या गुणाकाराची दुप्पट किमान ‘न गुणिले एच-बार’ भरते (एच-बार म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय). न हवा तेवढा वाढवता येतो, म्हणजे विसंगती (गणितज्ञ हेल्मुट वीलांट, १९४९). म्हणून राशीऐवजी तिची सान्त फलने घेतात, उदाहरणार्थ वाइलची घातांकी रूपे (राशीला काल्पनिक संख्येने गुणून ‘ई’चा तेवढा घात); त्यांच्यापासून वाइल बीजगणित बनते. ‘कण या अंतरात आहे का?’ विचारणारा प्रक्षेपक (हो-नाही उत्तराचा घटक) मात्र वाइल बीजगणितात नसतो (इथे हमखास गफलत होते). त्यासाठी निरूपण निवडून (घटक हिल्बर्ट अवकाशावरचे कारक म्हणून मांडून) फॉन नॉयमन बीजगणितापर्यंत, म्हणजे त्या कारकांच्या सीमाही सामावणाऱ्या मोठ्या बीजगणितापर्यंत, जावे लागते. शिवाय अवस्था नियमित नसेल (म्हणजे तिच्यात घातांकी रूपांची सरासरी प्राचलानुसार सलग बदलत नसेल), तर घातांकी रूपांचे अवकलन करून मूळ राशी परत मिळेलच असे नाही.