ब्रुअरी बघायची तर बॅच लागलेल्या दिवशी बघा

कोल्हापुरातून सहा जणांनी पुण्याला जाऊन एखाद्या छोट्या ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवायच्या जागेची, टूर घ्यावी का, तिथे बघायचं काय, आणि ग्रुपमधले दोघं पीत नाहीत त्यांनी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. पुण्यात डूलालीने २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी काढली, देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी ती. त्यानंतर तिकडे हा धंदा चांगला रुजलाय, त्यामुळे जागा मिळेल. फक्त फोनवर "टूर किती वाजता" एवढंच विचारून थांबू नका. "तुमची बॅच, म्हणजे बिअरचा नवा घाणा, कोणत्या दिवशी लागते?" हे विचारा आणि त्या दिवशी सकाळी पोचा. लहान ठिकाणी रोज बॅच नसते. शनिवारी संध्याकाळी गेलात तर चकचकीत टाक्यांसमोर फोटो निघतील, माणसं गडबडीत असतील आणि विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तर मिळणार नाही.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये झाली. म्हणून ठामपणे सांगतो, गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला ब्रुअरी चटकन कळते. रस उकळतो, मळी वर येते, गुळव्या नजर हलू देत नाही, हे तुम्ही लहानपणापासून बघितलेलं आहे. तीच नजर घेऊन जा.

मोठा फरक सुरुवातीलाच आहे. उसात साखर आयती असते. सातूच्या, म्हणजे बार्लीच्या, दाण्यात असतो स्टार्च, त्याची साखर करून घ्यावी लागते. त्यासाठी सातू भिजवून मोड आणतात आणि वाळवतात, तो मॉल्ट. मूठभर मागून चावून बघा, भाजका, गोडसर लागतो. कमीजास्त भाजलेले दोन-तीन प्रकार मिळाले तर आणखी चांगलं, कारण बिअरचा सोनेरी किंवा काळा रंग त्या भाजण्यातूनच येतो. हा मॉल्ट भरडून साधारण ६५ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोड येताना दाण्यात तयार झालेली एन्झाइम्स तिथे स्टार्च तोडतात. पाणी फार तापलं तर एन्झाइम्सच मरतात, म्हणून ब्रुअर थर्मामीटरपासून हलत नाही. इथे त्यांना आयोडीनची चाचणी दाखवायला सांगा. पांढऱ्या बशीत दोन थेंब रस आणि एक थेंब आयोडीन. काळा-निळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक आहे. रंग बदलला नाही तर काम झालं. पूर्ण टूरमध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ती हीच.

मग रस गाळून घेतात. उरलेला चोथा बहुतेक ठिकाणी जनावरांच्या खाद्याला जातो. तो कोण नेतं, तेही विचारा. ज्याच्या घरी म्हशी आहेत त्याला हा विषय लगेच पटेल.

गाळलेला गोड रस, म्हणजे वर्ट, तास-दीड तास उकळतो. उकळी फुटताना फेस भसकन वर येतो, तो क्षण चुकवू नका. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं सुरुवातीला टाकली तर कडूपणा येतो, शेवटी टाकली तर वास टिकतो. हिरव्या गोळ्यांच्या रूपातले हॉप्स हातावर चोळून हुंगा. गुऱ्हाळात रस निवळायला रानभेंडी घालतात. इकडे त्याच कामाला बऱ्याच ठिकाणी एक प्रकारचं समुद्री शेवाळ घालतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आमच्या लॅबमधला ब्रिक्स, म्हणजे रसात साखर साधारण किती टक्के ते सांगणारा आकडा, इथेही भेटतो. ब्रुअर त्याला प्लेटो म्हणतात, पण दोन्हींचं मूळ कार्ल बॉलिंगच्या १८४३ च्या मोजपट्टीत आहे. उसाचा रस १८-२० भरतो, साध्या बिअरचं वर्ट १२ च्या आसपास. यीस्टने काम केल्यावर तोच आकडा ३ च्या जवळ येतो आणि साधारण ५ टक्के अल्कोहोल तयार होतं. बिअरच्या एल प्रकाराला दोनेक आठवडे लागतात, लागर थंडीत मुरते, तिला महिना तरी द्यावा लागतो. एकाच बिअरचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे मागा. चांगला ब्रुअर वही उघडून दाखवतो.

स्वच्छतेबद्दल खोदून विचारा. टाकी कॉस्टिक सोड्याने धुतात का, नंतर निर्जंतुक कशाने करतात, नळ्या धुवायला कधी सोडवतात? दुधाच्या धंद्यातल्या माणसाला यातलं महत्त्व सांगायला नको. जिथे या प्रश्नावर उत्साहाने बोलतात तिथली बिअर मी निर्धास्त पितो.

न पिणाऱ्या दोघांनी यीस्ट घालण्याआधीचं, निववलेलं वर्ट चाखायला मागावं. त्यात अल्कोहोल नसतं, गोड आणि किंचित कडू चव असते. बाकीच्यांनी पोटात काहीतरी घालून जावं आणि फिक्या बिअरकडून काळीकडे जावं, उलटं गेलात तर फिकीची चवच लागणार नाही. परफ्युम लावू नका, त्यापुढे कुणालाच बिअरचा वास नीट कळत नाही.

बंद बूट घाला, जमीन ओली असते आणि पाईप गरम. फर्मेंटेशनच्या टाकीचं झाकण उघडं दिसलं तरी आत डोकावू नका. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि माणूस क्षणात कोसळू शकतो.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र सोबत ठेवा. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. न पिणारे दोघंही गाडी चालवणारे असतील तर परतीचा प्रश्न मिटला, त्यांना आधी विचारून मगच तारीख ठरवा. नसतील तर मुक्काम करा किंवा ड्रायव्हर घ्या. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण माझ्या मते चालवणाऱ्याने चाखायचंही नाही.