सायकल आणि लेणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्याहून सायकलने एका दिवसात बेडसे आणि भाजे लेणी करायची आहेत. आधी कोणती? आणि काय न्याहाळावं?

उत्तर : आधी बेडसे. तिथलं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन) पूर्वाभिमुख, म्हणून सकाळचं ऊन मिळतं. भाज्याचं पश्चिमेला तोंड करून आहे, तिथे दुपार कलल्यावर पोचा. भाज्याचे खांब आत कललेले आहेत. दोऱ्याला कुलपाची किल्ली बांधून ओळंबा करा आणि खांबाला न लावता लांबून डोळ्यासमोर धरा, कल लगेच कळतो. लाकडी बांधकामात छताचा रेटा पेलायला खांब तिरपे रोवत. कातळाला त्याची गरज नव्हती, तरी कारागिरांनी ती रीत जपली. हे बघण्यासाठी अर्धा तास हवाच! क्लीटचे (पेडलला अडकणाऱ्या तळाचे) सायकलचे बूट पायऱ्यांवर घसरतात. चपला सोबत घ्या.