हातकाम – वाचकांचे प्रश्न : ठासणीच्या रायफलीसाठी पत्रा

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरकडच्या घडणीची, १७७०च्या दशकातली असावी तशी ठासणीची लांब रायफल जुळवतोय. नळी आणि चकमकीचं लॉक तयार आहे, दस्त्यावरचं पितळी सामान मात्र हातानं करायचंय. दीड मिलिमीटरचा पितळी पत्रा घेतला. ठासणीचा गज अडकवायच्या पुंगळ्या त्यातून वळवायला गेलो, तर प्रत्येक वेळी वळणावर सरळ तडा. पत्रा खराब की हात? कुठल्या भागाला किती जाडी? नक्षीला जर्मन सिल्व्हर चालेल का? आणि पितळ जुनं दिसावं म्हणून अमोनियाची वाफ देतात, ती द्यावी का?

उत्तर : हाताला दोष देऊ नका. पत्र्याच्या कोपऱ्यात एक भोक पाडा आणि ड्रिलमधून काय निघतं ते बघा. लांब, चिवट, सुरळीसारखी गुंडाळी निघाली तर पितळ वळणारं आहे. भुरभुरीत कण उडाले तर त्यात शिसं आहे. माझी पैज कणांवर. घड्याळाच्या चाकांना आणि पाट्या कोरायला वापरतात त्या पितळेत दोनेक टक्के शिसं मुद्दाम घातलेलं असतं. हत्यार लोण्यातून जावं तसं चालतं, पण वाकवलं की तुटतं. तापवून नरम करायला गेलात तर आणखी फजिती, कारण शिशाचं पितळ गरम असताना जास्तच ठिसूळ होतं. तो पत्रा टाकू नका. लॉकसमोरच्या बाजूची सपाट पट्टी त्यातून झकास निघेल.

पुंगळीला मागायचं ते ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त आणि शिसं नाही असं पितळ, म्हणजे काडतुसांचं पितळ. जुन्या कामाशीही ते जुळतं. त्या काळी बहुतेक पितळ तांब्याबरोबर जस्ताचं खनिज भट्टीत घालूनच करत आणि त्या रीतीनं जस्त तिशीच्या फार वर चढतच नसे. रंग थोडा तांबूस हवा असेल तर ८५:१५ घ्या, ते आणखी मऊ.

आता जाडी. पुंगळीला दीड मिलिमीटर कशाला? ०.८ पुरे. नळीच्या तोंडाकडच्या लाकडी टोकावरची टोपीही त्याच पत्र्याची. पॅचबॉक्सच्या (दस्त्यात कोरलेली, गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या ठेवायची डबी) झाकणाला १.२ ते १.३ घ्या, कारण दस्त्याच्या गोलाईला बसवताना कानस बरीच जाडी खाते आणि वर कोरायचंही असतं. बाजूच्या पट्टीला १.५ ते २. दस्त्याच्या टाचेची पट्टी आणि चापाची कमान पत्र्यातून करायचा हट्ट सोडा. लँकेस्टरचे कारागीरही ती ओतीवच वापरत. आणि नुसता ‘१६ गेज’ म्हणून पत्रा मागवू नका. पितळेचं १६ गेज १.२९ मिलिमीटर भरतं, लोखंडी पत्र्याचं १.५२. मायक्रोमीटर लावा, विषय संपला.

वळण नेहमी लाटणीच्या रेषांना आडवं घ्या. पत्रा उजेडात तिरका धरला की त्या बारीक रेषा दिसतात. त्यांच्या दिशेनं घडी पडली की चांगलं पितळही चिरतं. आधी अंधाऱ्या कोपऱ्यात, जेमतेम लाली दिसेपर्यंत तापवा आणि खुशाल पाण्यात बुडवा. पोलादासारखं पितळेला पाणी चढत नाही, ते नरमच राहतं. लालभडक मात्र करू नका, नाहीतर वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. मग गजापेक्षा किंचित जाड पोलादी दांड्यावर लाकडी हातोडीनं गुंडाळा. पत्रा हातोडीखाली टणक वाजायला लागला की थांबून पुन्हा तापवा.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नाही. तांबं, निकेल आणि जस्त. युरोपात ते वापरात आलं १८२०च्या दशकात. तुमच्या रायफलीवर ते म्हणजे पेशव्यांच्या मनगटावर घड्याळ. दस्त्यावर गाल टेकतो त्या गालपट्टीवरचा तारा खऱ्या चांदीचा करा, ०.८चा तुकडा पुरतो.

अमोनियाबद्दल जरा सविस्तर. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप चिरत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि धातू ओढून घडवताना आत कोंडलेला ताण, या तिघांचा तो खेळ. हातोडीनं ठोकलेली पुंगळी आणि झाकणाच्या बिजागरीचे वळवलेले डोळे यांत तसाच ताण असतो. वाफ द्यायचीच असेल तर घडवलेला भाग आधी २५०-२६० अंशांवर तासभर ठेवा. ताण उतरतो, कडकपणा फारसा जात नाही. डाख लावलेला असेल तर ही भानगड नको, मऊ डाख त्याआधीच वितळतो. मी स्वतः वाफ देत नाही. हाताचा घाम लागून पितळ आपसूक काळवंडतं.

प्रश्न : अमेरिकेत दक्षिणेकडच्या ॲपलाशियन डोंगरांतल्या रायफलींवर लोखंडी सामान असतं. तसं करायला जस्त चढवलेला पत्रा चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. तापवला की जस्ताचा धूर होतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. कमी कार्बनचा, थंड लाटलेला साधा पत्रा घ्या. गंज चढवून तपकिरी करायला तोच चांगला, स्टेनलेस गंजणारच नाही.

प्रश्न : पॅचबॉक्सचं झाकण उघडणारी स्प्रिंग पितळेची केली, चार दिवसांत ढिली पडली. जाड करू का?

उत्तर : जाड करून काही होणार नाही. स्प्रिंग पोलादाचीच हवी, जास्त कार्बनच्या. नरम असताना वाकवून घ्या, लाल करून तेलात बुडवा, कानस घसरते का बघा, घसरली तर पोलाद कडक झालं. मग घासून चकचकीत करा आणि सावकाश तापवत निळी छटा आली की आच काढा. बिजागरीकडचं टोक स्क्रूनं बांधा, डाखानं नको, नाहीतर पाणी उतरेल.