रंकाळ्यावर पक्षी बघायचे तर नेमकं कुठं उभं राहायचं?

सुट्टीत मुलांना घेऊन कोल्हापूरला येताय आणि इथल्या रंकाळा तलावावर चौपाटीशिवाय पक्षी वगैरे काही दिसतं का, असं तुम्ही विचारलंय. दिसतं, आणि भरपूर दिसतं. फक्त भेळेच्या गाड्यांकडं पाठ करा. घाटाच्या बाजूला पाणी थेट दगडी भिंतीला लागतं, तिथं पक्ष्यानं पाय टेकायचा कुठं? परताळा म्हणतात त्या, तळ्याच्या दुसऱ्या बाजूला जा. तिथं काठ उथळ आहे, चिखल आहे, पाणकणीस (कणसासारखे तुरे येणारं उंच पाणगवत) आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उजाडता उजाडता पोहोचा. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा दिसला की तो वारकरी. जांभळी पाणकोंबडी कोवळा कोंब उपटते आणि चक्क पायात धरून खाते. मुलांना ते दाखवाच. चोचीवर लाल-पिवळा रंग असलेलं बदक म्हणजे हळदी-कुंकू. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडंच वर येते. गुडघाभर पाण्यात लांब गुलाबी पायांवर उभा असतो तो शेकाट्या.

पाण्याचं म्हणाल, तर रंकाळ्यानं फार सोसलंय. नाल्यांतलं सांडपाणी तळ्यात आलं की त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते, ऊन खाली पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून काम झालं, सांडपाणी वळवायचे प्रयत्न झाले, जलपर्णीही काढली गेली. हे हवंच होतं. पण तळं वाचवणं म्हणजे काठाला भिंत आणि दिवे, हे मला अजिबात पटत नाही. जलपर्णी जरूर काढा, पण पाणकणीस राहू द्या. पाणकोंबड्या घरटी त्यातच करतात, आणि पाण्यातलं जादा खतही ते शोषून घेतं.

दुसऱ्या सकाळी राजाराम तलाव आणि शेजारचं शिवाजी विद्यापीठ बघा. ८५३ एकरांच्या या आवारात पावसाचं पाणी अडवून तळी राखली आहेत, आणि मोरही दिसतात.

मुलांना गवेच बघायचे असतील, तर मात्र कोल्हापूर जिल्ह्यातल्याच दाजीपूरच्या जंगलात जावं लागेल. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. त्याला वेगळा अख्खा दिवस ठेवा, आणि पावसाळ्यात जाऊ नका.