मार्चमध्ये २ लाख येणार नाहीत, उलट ६० हजार जाणार आहेत

खानापूरकडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय २८, बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी प्रोग्रॅमर, हातात पगार ३१ हजार, घरी आईवडील आणि शिकणारी धाकटी बहीण. पत्र थोडक्यात असं:

"दादा, माझा पीसी २०२० मध्ये जोडलेला आहे, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. आता गेम अडकतात. नवीन पीसीचं कोटेशन काढलंय, १ लाख २८ हजार. दुकानदार १२ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय करून देतो म्हणालाय. मार्चमध्ये माझी बँकेतली एफडी सुटते, वर्षाला ६० हजार असे ३ वर्षं भरलेत, व्याज धरून २ लाख तरी येतील, त्यातून सगळं फेडून टाकीन. शिवाय यूट्यूबवर स्ट्रीमिंग चालू करूलालोय, महिन्याला ८-१० हजार सुटतील. ईएमआयवर घेऊ की मार्चपर्यंत थांबू?"

पीसीचं सांगतो, पण नंतर. तुझं एक वाक्य वाचून मी तिथंच थांबलो. वर्षाला ६० हजार भरायची एफडी कुठल्याच बँकेत नसते रे. एफडीत पैसे एकदाच ठेवायचे, दर महिन्याला भरायची ती आरडी. बँकेच्या काउंटरवर गळ्यात पडलेला वर्षाचा ठराविक हप्ता म्हणजे बहुतेक वेळा विमा पॉलिसी निघते, म्हणून मी तुला कागदाचा फोटो पाठवायला सांगितला आणि तू पाठवलास ते बरं केलंस.

फोटोत पहिल्याच पानावर लिहिलंय, हप्ते भरायची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत १५ वर्षं, विमा रक्कम ६ लाख. दुसऱ्या पानावर तक्ता आहे, एक रकाना ४ टक्क्यांचा, एक ८ टक्क्यांचा, आणि खाली "मला हे समजावून सांगितलं आहे" या इंग्रजी ओळीखाली तुझी सही. तुला विचारलं तर म्हणालास, पेन्सिलनं फुल्या मारून दिल्या होत्या तिथं तिथं सह्या केल्या. नंतर विमा कंपनीचा फोन आला तेव्हा बँकेतल्या त्या माणसानं आधीच सांगून ठेवलं होतं की जे विचारतील त्याला होय म्हणा. फोन हिंदीतून, कागद इंग्रजीतून, बँकेतली पाटी कन्नडमधून, आणि व्यवहार झाला मराठीतून तोंडी, "३ वर्षं भरा मग सुटते" एवढ्यावर. आपल्या भागातली अशी कितीतरी माणसं टिळकवाडीत माझ्या टेबलासमोर बसून गेलीत, त्यात रिटायर्ड मास्तरसुद्धा होते. चूक तुझी कमी आणि विकणाऱ्याची जास्त आहे, पण पैसे तुझे आहेत म्हणून निस्तरायचं तुलाच आहे.

आता हिशेब बघ. १० वर्षांत तू भरणार ६ लाख. ८ टक्क्यांच्या रकान्यात १५ व्या वर्षी मिळतात साडेनऊ लाख, ४ टक्क्यांच्या रकान्यात ६ लाख ४० हजार. ८ टक्के म्हणजे तुला ८ टक्के व्याज नव्हे, कंपनीनं तेवढे कमावले तर खर्च वजा जाऊन तुझ्या हातात काय येईल ते, आणि ते पडतं साधारण साडेचार टक्के. ४ टक्क्यांच्या रकान्यात तर १ टक्कासुद्धा नाही. हेच ६० हजार पोस्टातल्या पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी १० वर्षं भरून १५ व्या वर्षापर्यंत ठेवले असते तर आजच्या दरानं साडेबारा लाख झाले असते. आणि विम्याचं म्हणशील तर तुझ्यामागं घरात तिघं खाणारी आहेत, उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर ६ लाख त्यांना किती वर्षं पुरतील? वर्षाला ६० हजार घेऊन एवढंच संरक्षण देणाऱ्या या वस्तूला कुणी एफडी म्हणून विकलं की मला खरंच राग येतो.

म्हणजे मार्चमध्ये काय होणार तर २ लाख जमा व्हायच्या ऐवजी तुझ्या खात्यातून चौथा हप्ता ६० हजार आपोआप कापायला येणार. खात्यात तुझ्याच सांगण्याप्रमाणं शिल्लक आहे ३८ हजार. त्यात ईएमआय धरला की महिन्याला १० हजार ७००. घरात १२ हजार देतोस, गाडीचा हप्ता ३८००, पेट्रोल, डबा, मोबाईल मिळून ७ हजार, उरतात ८ हजार. ८ हजारांत १० हजार ७०० बसत नाहीत आणि स्ट्रीमिंगनं ते बसवता येत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १ हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४ हजार तास बघितलेलं लागतं, तुझे आज १४० आहेत. चॅनेल कर, मनापासून कर, पण त्यातला एक रुपयाही बजेटमध्ये धरू नकोस.

आता पॉलिसीचं काय करायचं. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, आल्यापासून ठराविक दिवसांत परत करता येतो, तो फ्री लुक तुझ्या बाबतीत कधीच संपला. ऑक्टोबर २०२४ पासून मध्येच मोडणाऱ्यांसाठी नियम थोडे बरे झालेत, पण तुझी पॉलिसी २०२३ ची. तिसऱ्या वर्षात मोडलीस तर किमान हमी आहे भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्क्यांची, म्हणजे १ लाख ८० हजारांचे ६३ हजार. कंपनी स्वतःच्या हिशेबानं जास्त देऊ शकते, तो आकडा लेखी माग. दुसरा रस्ता पेडअपचा, म्हणजे पुढचे हप्ते बंद, भरलेल्या ३ हप्त्यांच्या प्रमाणात विमा रक्कम १ लाख ८० हजार राहते, ती आणि जोडलेला बोनस मुदत संपल्यावर मिळतो. हे ६३ हजार आज घेऊन पीपीएफच्या दरानं १२ वर्षं वाढवले तरी १ लाख ४३ हजारच होतात, म्हणून ६३ हजारांवर मोडायचं नाही. ८० हजारांचे मात्र १ लाख ८२ हजार होतात. बोनस थोडा धरून माझी रेघ ९० हजारांवर आहे, लेखी आकडा त्याच्या वर आला तर मोड, खाली आला तर पेडअप कर. काही झालं तरी चौथा हप्ता भरू नकोस. "एवढे भरलेत तर अजून एक भरा, फायदा होईल" असं बँकेतून सांगतील, तेव्हा पुढचे ७ हप्ते म्हणजे ४ लाख २० हजार होतात एवढं लक्षात ठेव. आणि बँकेत जाऊन आधी ऑटो डेबिट लेखी बंद करून पोच घे, नाहीतर हप्ता कापला जाईल, किंवा पैसे कमी पडून बाउन्स होऊन दंड बसेल.

त्या माणसानं तुला व्हॉट्सअपवर "सर तुमची एफडी" असं लिहिलेला मेसेज अजून आहे म्हणालास, तो पुसू नकोस. तो जोडून बँकेला आणि विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार दे, नाकारली किंवा महिनाभर उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं, कर्नाटकासाठी ते बंगळूरला बसतात, फी नाही, वकील लागत नाही. ३ वर्षं उलटल्यावर पूर्ण पैसे परत मिळतील असं वचन मी देणार नाही, पण लेखी मेसेज असलेल्या तक्रारीत आणि नुसत्या तोंडी तक्रारीत फार फरक पडतो.

हप्ता थांबला की महिन्याला ५ हजार मोकळे होतात. त्यातून ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत बरंवाईट झालं तरच घरच्यांना पैसे देणारा, आधी घे, तुझ्या वयाला वर्षाला साधारण ६-७ हजारांत बसतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. ३८ हजारांची शिल्लक १ लाखापर्यंत ने. आईवडिलांचा आरोग्य विमा आहे का ते पत्रात कुठंच नाही, कळव.

आता पीसी. मला वाटतं तुला नवीन पीसी लागतच नाही. त्या कोटेशनमध्ये ४८ हजारांचं ग्राफिक्स कार्ड आहे आणि मॉनिटर मात्र जुनाच ६० हर्ट्झचा ठेवणार आहेस, म्हणजे कार्ड सेकंदाला १५० फ्रेम, म्हणजे चित्रं, काढेल आणि स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच दाखवेल. तू खेळतोस व्हॅलोरंट आणि जीटीए ५, त्यांना एवढं कार्ड नको. अडकण्याचं मोठं कारण हार्ड डिस्क आणि ८ जीबीची एकच रॅम पट्टी. हार्ड डिस्कऐवजी तिच्याहून कितीतरी वेगवान एनव्हीएमई एसएसडी टाक, दोन पट्ट्या करून १६ जीबी कर, दोन पट्ट्या असल्या की मेमरी दोन्ही वाटांनी चालते. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत, म्हणून जुन्या पट्टीला जोड मिळते का ते आधी बघ. बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवायची सोय) चालू आहे का तेही बघ, बंद असेल तर ३२०० ची रॅम बहुतेक वेळा त्याहून कमी वेगानं पळत असते, आणि हे चालू करायला पैसे पडत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण तुझ्या रायझनवर ११ चालतं, बायोसमध्ये एफटीपीएम ही सुरक्षेची सोय चालू केली की झालं. पुढं प्रोसेसर कमी पडलाच तर तुझ्या एएम४ जातीच्या मदरबोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो, बोर्ड बदलावा लागत नाही.

आणि या रविवारी कॅबिनेट उघड. तू पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत प्रोसेसरच्या फॅनखाली धुळीचा असा थर आहे की उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्या दिसत नाहीत, वर भाताचं तूस चिकटलंय, कारण पीसी भाताच्या पोत्यांच्या खोलीत आहे. एवढ्यावर प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. कारखान्यातला कॉम्प्रेसर मात्र वापरू नकोस, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. मऊ ब्रश घे, हातातला ब्लोअर घे, मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेव, कूलर काढलास की नवीन थर्मल पेस्ट लाव, ३०० रुपयांत येते. समोरच्या फॅनपुढं लोंबणाऱ्या वायरी मागच्या बाजूला नेऊन झिपटायनं बांध, आणि पोत्यांपासून पीसी हलव.

एसएसडी, रॅम आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर हे महिन्याला ५-६ हजार बाजूला टाकून एकेक रोखीनं घे, गणपतीपर्यंत तिन्ही होतील. ग्राफिक्स कार्ड दिवाळीच्या बोनसवर, आणि ते घ्यायच्या आधी तुझा ४५० वॉटचा पॉवर सप्लाय त्याला पुरतो का हे दुकानदाराकडून लिहून घे. खानापूरचा वळीव आणि लाईटीचं जाणं-येणं बघता कार्डाआधी यूपीएस घेतलास तर मला जास्त आवडेल. नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज नसतं असं समजू नकोस, रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, क्रेडिट कार्डावर घेतलास तर व्याजावर जीएसटी लागतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. लाईटबिलाचंही सांगतो, ३५० वॉट रोज ४ तास म्हणजे महिन्याला ४० युनिट, घरी गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचं, शून्य बिल येत असेल तर तुमच्या ठरलेल्या मर्यादेवरचे युनिट पैशात मोजले जातात आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल भरावं लागतं, तेव्हा वडिलांना आधी सांगून ठेव.

सोमवारी सुट्टी टाकून आधी ऑटो डेबिटचं काम कर. विमा कंपनीचा सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर मिळणारा, लेखी आकडा आला की मला फोटो पाठव, आकडा बघून मी सांगेपर्यंत कुठल्याही नवीन फॉर्मवर सही करू नकोस.