हातानं तंबाखूचा पाइप घडवताना : स्टेमविषयी (तोंडात धरायच्या नळीविषयी) तुमचे प्रश्न

जुळे सोलापूर : एबोनाइटचा (कडक काळ्या रबराचा) स्टेम कानशीनं घासून गुळगुळीत केला, पण लाकडाशी जुळतो तिथं फट दिसते. काय चुकलं?

स्टेम सुटा हातात धरून घासला असणार. सुट्या स्टेमची कड पॉलिश पेपरखाली गोल होते, आणि ती गोलाई म्हणजेच तुम्हाला दिसणारी फट. स्टेम लाकडात बसवूनच घासा. आधी चपटी कानस, मग लाकडी ठोकळ्यावर ताणलेला २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पेपर. बोटावर पेपर गुंडाळला तर लाटा पडतात. सांध्याजवळ पाणी लावू नका, लाकूड फुगतं. दुरुस्तीसाठी स्टेमचं तोंड लेथवर अर्धा मिमी सपाट करून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाले आहेतच. पण लाकडात शिरणारी खुंटीही तेवढीच आखूड करायची. ती तळाला टेकली, तर फट तशीच राहील. एबोनाइटची धूळ बारीक असते, मास्क लावाच.

विजापूर रोड : दातांत धरायचा भाग किती पातळ करावा?

दात बसतात तिथं ४ मिमी, टोकाची उंच कड साडेपाच ते ६ मिमी. आतलं भोक तिथं दीड-दोन मिमीचं असतं, म्हणजे वरखाली जेमतेम १ मिमी भिंत उरते. त्याहून पातळ केलं की दातांनी भोक पडतं. म्हणून टोकाची चीर आधी कोरा, दोन्ही बाजूंना मध्यरेषा आखा आणि वरून दहा हात मारले की खालूनही दहाच. दर वेळी व्हर्निअर कॅलिपरनं जाडी मोजा. हाताला 'अजून जाड' वाटतं तेव्हाच बहुतेक स्टेम वाया जातात.

सात रस्ता : वाक देताना स्टेम चेपला आणि भोक बुजलं.

भोकात पाइप क्लीनर (लव लावलेली, वाकणारी तार) घातल्याशिवाय वाकवू नका. आकार पूर्ण झाल्यावरच वाक द्यायचा; फक्त शेवटचं पॉलिश नंतर. हीट गन लांब धरून स्टेम सतत फिरवा, कारण पातळ टोक आधी तापतं आणि जाड भाग आतून कडकच राहतो. एबोनाइट १०० ते १२० अंशांना वळतं, ॲक्रिलिकला जास्त उष्णता लागते. जोर लावावा लागत असेल तर अजून तापलेला नाही. वळला की तसाच धरून गार पाण्यात बुडवा. चेपलेला स्टेम पुन्हा तापवा, बराचसा सरळ होतो.

अशोक चौक : काळा स्टेम हिरवट का झाला?

ऊन आणि ओल. एबोनाइटमधला गंधक पृष्ठभागावर येतो. ६००, १००० आणि २००० नंबरच्या पेपरनं ओलं घासून पॉलिश करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका.